आबांचा रिलीव्हर

आमच्या शोकेसमध्ये एक मानचिन्ह आहे. मुंबईतल्या कुठल्याशा कंपनीच्या वार्षिक सहलीत 'सर्वात उत्साही सहभाग' दाखवल्याबद्दल ते आमच्या आजोबांना मिळालेलं आहे. आजोबांनी त्या कंपनीत एक दिवसही नोकरी केलेली नाही. सकाळी ते डबा घेऊन शेलूच्या नाक्यावर उभे होते, सहलीची बस तिथे चहाला थांबली आणि बस दिसल्यावर आबा चढले. आतले सगळे एकाच कंपनीत कामाला असल्यामुळे कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. पळसदरीच्या रिसॉर्टवर आबांनी नाश्ता केला, संगीतखुर्ची खेळली, साहेबांच्या भाषणाला सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी डोकी मोजली तेव्हा एक जास्त भरलं. तोवर मानचिन्ह देऊन झालं होतं आणि ते परत मागणं त्यांना बरं दिसलं नाही.

हे मी आज हसत सांगतो. त्या दिवशी मी आणि माझी बायको पौर्णिमा शेलूपासून वांगणीपर्यंत रुळांच्या कडेने आबांना शोधत चाललो होतो. रुळांच्या कडेने का, ते विचारू नका.

मी नरेश गायकवाड, खालापूरच्या एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील, काळूराम गायकवाड. मोहोपाड्याजवळच्या एका रासायनिक कारखान्यात ते ऑपरेटर होते. कारखाना बंद पडून जमाना झाला, पण आबांच्या डोक्यात तो अजून तिन्ही शिफ्ट चालतो. डॉक्टर याला डिमेन्शिया म्हणतात. शेजारी 'वय झालं' म्हणतात. माझे काका रोहिदास 'तुमचं लक्ष नाही' म्हणतात आणि फोन ठेवतात.

सहलीच्या प्रकरणानंतर मात्र काकांनी फोन लवकर ठेवला नाही. मराठवाड्यात त्यांच्या ओळखीचा एक आश्रम होता. तिथे हवा चांगली, जेवण वेळेवर, आणि दिवाळीला जाऊन भेटून यायचं, असा एकंदर बेत होता. आता माझं ऐका. माझे आईवडील मी शाळेत असतानाच गेले. नाइट शिफ्ट करून आलेले आबा तसेच, न झोपता, मला शाळेत सोडायला यायचे आणि मधल्या सुट्टीत गेटबाहेर भिंतीला टेकून डुलक्या काढत बसायचे, मी आत रडत असेन तर ऐकू यावं म्हणून. या माणसाला मी दिवाळीला जाऊन भेटून येणार नव्हतो. मी काकांना सांगितलं की आबा घरातच राहतील, आणि आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या आधी मी फोन ठेवला.

फोन ठेवणं सोपं असतं. पौर्णिमा बदलापूरच्या एका शाळेत शिकवते. तिच्या सगळ्या रजा संपल्या होत्या. माझ्या शिल्लक होत्या, पण त्या फक्त शिल्लक राहण्यासाठी असतात. आबांना घरात ठेवायचं तर दिवसा त्यांना सांभाळणारी एखादी जागा हवी होती, आणि कर्जत तालुक्यात मला तशी एकही सापडली नाही. लग्नाचे हॉल भरपूर सापडले.

आमच्या सोसायटीत ही बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. कुणी भिजवलेले बदाम सांगितले, कुणी ब्राह्मीचं तेल. तिसऱ्या मजल्यावरच्या वनिताताई म्हणाल्या, त्यांना रोज शंभरापासून उलटं मोजायला लावा. आबांनी एकदा मोजलं आणि मग वनिताताईंना मोजायला सांगितलं. त्या मध्येच अडकल्या, तेव्हापासून त्या जिन्यात माझ्याशी बोलत नाहीत. एका तरुण गृहस्थांनी कुत्र्याच्या पट्ट्याला लावायचं यंत्र दाखवलं. 'मोबाइलवर दिसतं कुठे आहे ते. आमचा ब्रूनो एकदाही हरवला नाही.' माझ्या आजोबांची ब्रूनोशी तुलना केल्याबद्दल मी त्यांना चांगलं सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप तेच यंत्र घेऊन आलो. आबांनी ते भंगारवाल्याला देऊन टाकलं. आबा माझ्यासमोर सोफ्यावर चहा पीत होते आणि मोबाइलवर ते टेंपोच्या वेगाने उल्हासनगरकडे निघाले होते.

तेव्हा मी ठरवलं की जागा नसेल तर आपणच काढू. चार म्हातारी माणसं, एक सांभाळणारी बाई, एक खोली. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढं जमू नये?

सोसायटीचा हॉल मागायला मी चेअरमन लडकू भोईर यांच्याकडे गेलो. त्यांनी मला बसवलं, सरबत दिलं आणि म्हणाले, "गायकवाडसाहेब, हॉल हाय तो हळदीला, साखरपुड्याला. तिथं म्हातारी बसवली तर फ्लॅट बघायला येणाऱ्याला काय वाटंल? आमची आय पण इसरते. आमी काय केंद्र काढलं काय?" आतल्या खोलीतून त्यांच्या आई ठकूबाई कुणालातरी हाका मारत होत्या. आम्ही दोघांनीही ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि मी सरबत संपवलं.

मग विहार. आमच्या विहाराच्या उभारणीत आबांनी स्वतः घमेली उचललेली आहेत, त्यामुळे तिथे नाही म्हणणार नाहीत अशी माझी खात्री होती. ते नाही म्हणालेही नाहीत. पण हॉलमध्ये दिवसभर पोरापोरींची अभ्यासिका चालते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी ती मुलं, पुस्तकात मान घालून बसलेली. आबा आत गेले, त्यांच्यामधून हात मागे बांधून फिरले आणि एकेकाला उठवून 'हेल्मेट कुठाय?' असं विचारू लागले. परीक्षा तोंडावर आली होती. आम्ही जय भीम घातला आणि निघालो.

नोंदणीची कथा मी थोडक्यात सांगतो, कारण कार्यालयाचं नाव मला घ्यायचं नाही आणि माझ्या खात्याची शिस्तही मला सांभाळायची आहे. तिथल्या लिपिकाने माझा अर्ज दोनदा वाचला. "रात्री मुक्काम आहे?" नाही. "मग वृद्धाश्रमात बसत नाही." मी म्हटलं, दिवसाचं केंद्र आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. "सकाळी आणून सोडायचं, दिवसभर सांभाळायचं, भरवायचं, संध्याकाळी घरच्यांनी न्यायचं. गायकवाड, हे पाळणाघर झालं." मी आजवर शेकडो नागरिकांना असंच निरुत्तर केलेलं आहे, पण समोरच्या खुर्चीत बसून ते कसं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. आमची नोंदणी पाळणाघर म्हणून झाली. नियमाप्रमाणे एक पाळणा टांगणं बंधनकारक होतं. तपासणीला बाई आल्या त्या वजनकाटा घेऊन. त्यांनी सगळ्यांची वजनं घेतली, दंडाचे घेर मोजले आणि आबांच्या नावापुढे लसीकरण अपूर्ण असा शेरा मारला.

पण हे मी पुढचं आधी सांगितलं. जागेचं सांगायचं राहिलं. शेलूच्या एका टोकाला एक टॉवर अर्धवट उभा आहे. वरचे मजले म्हणजे नुसते खांब, पण तळमजल्यावर गिऱ्हाइकांना दाखवायला सजवलेला एक सॅम्पल फ्लॅट आहे. तिथला विक्रीचा माणूस मनोज याने मला फुकट जागा देऊ केली. "भाडं नको साहेब. दिवसा आत माणसं दिसली पाहिजेत, बस. रिकाम्या बिल्डिंगला कस्टमर घाबरतो." मला हा माणूस देवमाणूस वाटला.

सॅम्पल फ्लॅट म्हणजे काय हे तुम्ही आत राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. भिंतीवरचा टीव्ही पुठ्ठ्याचा होता. फळं प्लास्टिकची. स्वयंपाकघराचं मागचं दार नुसतं भिंतीवर बसवलेलं होतं. उघडलं की विटा. बाथरूममध्ये चकचकीत कमोड होता, पण त्याला खाली पाइप नव्हता. ही माहिती आम्हाला पहिल्या दिवशी दुपारी, जगदीश मास्तर बाहेर आल्यानंतर मिळाली. जगदीश मास्तरांना काहीही झालेलं नव्हतं. त्यांची स्मृती माझ्यापेक्षा चांगली होती. दिवसातून फार वेळा चहा मागतात म्हणून सुनेने त्यांना आमच्याकडे दाखल केलं होतं, आणि तसं त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. ते खिडकीशी बसत आणि कुणी विचारलं की म्हणत, "मी फक्त चहाचा पेशंट."

दुसऱ्या दिवशी लडकू भोईर ठकूबाईंचा हात धरून आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरात एकटी ठेवता येत नाय. गॅस चालू ठेवते." ठकूबाई आत आल्या त्या सरळ नियमातल्या पाळण्यापाशी गेल्या आणि झोका देऊ लागल्या. संध्याकाळपर्यंत देत राहिल्या. पाळणा रिकामा आहे हे त्यांना सांगायचं धैर्य आमच्यापैकी कुणाला झालं नाही. सांभाळायला ठेवलेल्या इंदूबाईंनी तर त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यात एक दुपटं आणून घातलं.

राहिले आबा. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते पहिल्या दिवशी उंबऱ्यावरच अडले. "हे कुनाचं घर हाय? बोलावल्याबिगर मी जात नाय." मी विनवण्या केल्या, पौर्णिमाने केल्या. तिची शाळेची वेळ होत आली, माझी तर होऊन गेली होती. शेवटी वैतागून मी म्हणालो, "आबा, हा नवीन प्लँट आहे. तुमची इथे बदली झालीय."

आबांनी कॉलर नीट केली. "मग आधी का नाय सांगितलंस?"

ते आत गेले. प्रत्येक नळ सोडून पाहिला. एकालाही पाणी नव्हतं. "लाइन बंद हाय. शटडाउन हाय व्हय?" मी हो म्हटलं. "मग बसून ऱ्हायला लागंल. शटडाउनला लय ध्यान ठेवायला लागतं," आबा म्हणाले आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसले. भिंतीवर धावत्या घोड्यांचं चित्र होतं, ते त्यांनी उतरवायला लावलं आणि तिथे घरून बाबासाहेबांचा फोटो आणवला. त्यानंतर दिवसभर त्यांची तक्रार नव्हती. गेल्या वर्षभरात मी आबांना इतकं शांत पाहिलं नव्हतं. माझ्या या हुशारीची गोष्ट मी ऑफिसात जो भेटेल त्याला सांगितली.

संध्याकाळी मी न्यायला आलो तर आबा जागचे हलेनात. "रिलीव्हर कुठाय?"

इथे कारखान्याची एक रीत सांगायला हवी. शिफ्ट भोंग्याने संपत नाही. पुढच्या पाळीचा माणूस येतो, समोर उभा राहतो, काय चालू काय बंद ते समजून घेतो आणि 'चार्ज घेतला' म्हणतो, तेव्हा तुमची शिफ्ट संपते. त्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. तो आला नाही तर तुम्ही बसायचं, उद्यापर्यंत बसायचं, कारण मागे टाक्या आहेत आणि टाक्यांच्या पलीकडे गावं आहेत. आबांनी सबंध नोकरीत एकदाही जागा मोकळी सोडली नाही. ज्यांनी सोडली त्यांची नावं ते अजूनही तोंडातून काढत नाहीत.

तासभर समजूत घातल्यावर मी बाहेर गेलो, वॉचमनचं पिवळं हेल्मेट मागून घेतलं, डोक्यावर चढवलं आणि आत आलो. "मी रिलीव्हर."

आबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ओळख नव्हती. मग ते उठले आणि मला घेऊन फिरले. "दोन नंबरची लाइन बंद. टीव्हीत बिघाड हाय. ती बाई झोका देती, देऊ दे, आडवू नको. मास्तरला च्या देत जा, इचारायच्या आदी देत जा." मी म्हणालो, "चार्ज घेतला." आबांनी डबा उचलला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. आता नरेशने येऊन त्यांना घरी न्यायचं होतं, आणि नरेश तर चार्ज घेऊन आत अडकला होता. मागच्या दाराला विटा. मी बाल्कनीच्या कठड्यावरून उडी मारली. नेमका मनोज तेव्हा एका कुटुंबाला बाग कुठे होणार ते दाखवत होता. हेल्मेट घातलेला, इस्त्रीच्या शर्टातला एक वरिष्ठ लिपिक बागेत पडलेला त्यांनी पाहिला. मी हेल्मेट लपवलं, वळसा घालून पुढून स्कूटर आणली.

"आलास व्हय नरेश? जय भीम," आबा म्हणाले.

मग हे रोजचंच झालं. मी ऑफिसातून यायचं, हेल्मेट घालायचं, चार्ज घ्यायचा, उडी मारायची, स्कूटर आणायची. पँटला दोन ठिकाणी रफू झालं. ऑफिसातल्या कुणीतरी मला हेल्मेटमध्ये पाहिलं आणि साहेबांनी माझ्याकडे खुलासा मागितला की आपण शासकीय सेवेत असताना बांधकामावर जोडधंदा करता काय. खुलाशात मी खरं तेच लिहिलं. साहेबांनी तो समाधानकारक नाही म्हणून परत पाठवला.

घरी जेवताना आबा मला त्यांच्या रिलीव्हरबद्दल सांगायचे. "लय रडका मानूस हाय रं. रोज तोंड पाडून येतो. पर चार्ज बराबर घेतो." मी वरणभात कालवत ऐकायचो. पौर्णिमा हसायची, मीही हसायचो. कारखान्यातल्या त्या बिचाऱ्यावर आम्ही तिघे मिळून हसायचो, आणि मला वाटायचं की जमलं, आश्रम टळला.

मनोजचा देवमाणूसपणा याच सुमारास संपला. त्याने बाहेर 'ज्येष्ठांसाठी आनंदी निवास' असा फलक लावला आणि गिऱ्हाइकांना आमची म्हातारी दाखवू लागला. पुठ्ठ्याच्या टीव्हीसमोर ठकूबाई, खिडकीशी मास्तर. "सगळे इथे सेटल झालेत." आबा आलेल्या प्रत्येकाकडे गेटपास मागायचे आणि काडेपेटी काढून घ्यायचे. सुरक्षा कडक आहे यावर खूश होऊन एका जोडप्याने बुकिंगसुद्धा केलं. मी मनोजशी भांडलो. तो म्हणाला, "भाडं घेतलं का मी कधी?" दुसरी जागा माझ्याकडे नव्हती.

आणि मग ती संध्याकाळ आली. मी आबांना घरी आणलं होतं, हातपाय धुऊन बाहेर येऊन चहाचा कप हातात घेतला होता. आबा माझ्याकडे बघत होते. बराच वेळ बघत होते.

"तू हितं काय करतोस?"

"चहा पितोय, आबा."

"जागा सोडून आलास?" ते उठले. "मी तुला चार्ज दिला ना रं? मगा दिला ना? तितं कोन हाय आता?"

मी म्हणालो, आबा, मी नरेश. हे मी तीनचार वेळा म्हणालो असेन. आबांनी आयुष्यात माझ्यावर हात उचलला नव्हता. त्या संध्याकाळी उचलला. माझा कप फुटला आणि ते अनवाणी जिना उतरून पळत सुटले. त्या वयाचा माणूस इतक्या वेगाने पळू शकतो हे मला माहीत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा ते सॅम्पल फ्लॅटचं बंद दार दोन्ही हातांनी हलवत होते. "आत बाया हायत! दार उघडा रं! वायू सुटला तर गावं मरतील!" भोवती लोक जमले होते. एकजण मोबाइलवर चित्रण करत होता. मी चुपचाप स्कूटरच्या डिकीतून हेल्मेट काढलं, बाल्कनीतून आत चढलो, आतून दार उघडलं आणि म्हणालो, "इथेच आहे मी. जागा सोडली नाही."

आबांनी माझ्या मागे वाकून आत पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. मग ते खाली बसले आणि लहान मुलासारखे रडले. मला कळत नव्हतं त्यांना जवळ घ्यावं की नाही, कारण रिलीव्हर ऑपरेटरला जवळ घेत नाही. पौर्णिमाने घेतलं.

चूक माझीच, आणि ती साधी होती. खोटं बोलायला माझ्याकडे एकच तोंड होतं, आणि तेच मी दोन माणसांसाठी वापरलं. मी घरी दिसलो की प्लँट मोकळा. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांच्या जगात राहा. डॉक्टरांचं जग बदलापूरला होतं, तिथे ते निघून गेले. आम्ही दुसरा रिलीव्हर आणून पाहिला. मनोजला हेल्मेट घातलं, तर आबांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला आणि "इडी वढतो" म्हणून हाकलला. वॉचमनला चार्ज दिला नाही, "ह्याला लाइन म्हाईत नाय." लडकू भोईर स्वतःहून आले, हेल्मेट घालून उभे राहिले, आबांनी त्यांना ठकूबाईंच्या शेजारी बसवलं. चार्ज घेण्याच्या लायकीचा माणूस त्यांच्या नजरेत एकच होता.

तेव्हापासून व्यवस्था अशी आहे. संध्याकाळी मी चार्ज घेतो. पौर्णिमा रिक्षाने आबांना घरी नेते, जेवायला घालते. ते झोपले की ती मला मिस कॉल देते, मग मी माझ्या घरी येतो, चपला हातात घेऊन. सकाळी ते उठायच्या आत निघतो. मिस कॉल येईपर्यंत मी सॅम्पल फ्लॅटमध्ये बसलेला असतो, डबा खातो, ऑफिसचे कागद बघतो. काकांना दिलेला शब्द मी पाळला आहे. आबा घरात आहेत. केंद्रात मी आहे. रोहिदासकाका एकदा येऊन आबांना बघून गेले, समाधान झालं त्यांचं, आणि जाताना पौर्णिमाला म्हणाले, "नरेश कुठे असतो हल्ली? म्हाताऱ्याला बघायला नको?"

आबाही विचारतात म्हणे. जेवताना माझ्या जागेकडे बघून विचारतात, "नरेश आला नाय?" पौर्णिमा सांगते, कामावर आहे. "येईल," आबा म्हणतात. "त्याचा रिलीव्हर आला नसंल." हे ती मला सांगते तेव्हा आम्ही अंधारात बोलत असतो, हळू आवाजात.

परवा मात्र चार्ज देता देता आबा मध्येच थांबले. लाइन सांगून झाली होती, ठकूबाईंचं सांगून झालं होतं. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुज्या घरी कोन कोन हाय रं?"

"बायको," मी म्हणालो. "आणि आजोबा."

"म्हातारं हायत?"

"तुमच्याएवढे."

"हिंडत्यात-फिरत्यात?"

"हिंडतात. विसरतात पण."

आबांनी मान हलवली. डबा खाली ठेवला. "तुला वळखतात?"

नोकरीत मी पुष्कळ खुलासे केले आहेत. याचा मला करता येईना. मी हेल्मेटचा पट्टा उगाच सोडला आणि परत लावला. "नाही," मी म्हणालो.

पाळण्याची कडी करकरत होती. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, मधल्या सुट्टीत मी गेटबाहेर आलो की ठेवायचे तसा.

"मग तू हितं काय करतोस? जा घरी. अशा मानसाजवळ कुनीतरी आपलं लागतं."

"ड्युटी आहे, आबा."

आबा म्हटलेलं त्यांनी ऐकलं नाही. "मी डबल मारतो. मला काय, माजा नातू मोटा झाला आता, त्याचं तो बघतो. तू जा. सांग म्हाताऱ्याला, काळूरामनं सोडलं." त्यांनी मला धरून वळवलं, दारापर्यंत आणलं आणि बाहेर काढून दार आतून लावून घेतलं.

बाहेर रिक्षा उभी होती. पौर्णिमा उतरून आली. "आबा?"

"आत आहेत. डबल शिफ्ट करतायत," मी म्हणालो. "मला आजोबांजवळ बसायला घरी पाठवलंय."

ती हसायला लागली आणि पायरीवर बसली, आणि मी तिच्या शेजारी बसलो. आत इंदूबाई दार उघडा म्हणून आबांना समजावत होत्या, आणि आबा त्यांना ठासून सांगत होते, "त्या पोराला आता आत घेऊ नका बाई. किती बी दार वाजवू दे. त्याच्या घरी म्हातारं मानूस हाय."